वर्षानुवर्षे बंद पडलेली चेतक पुन्हा रस्त्यावर आणताना

महाराष्ट्रात जुन्या वाड्यांच्या बोळात, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा गावाकडच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली बजाज चेतक अजूनही सापडते. पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्यावर बजाजने १९६०च्या दशकात तिची व्हेस्पा ही स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण केलेली चेतक बाजारात आली. पुढची दोन दशके नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्याशिवाय ही स्कूटर मिळत नसे. २००९ साली बजाजने स्कूटरचा व्यवसायच थांबवला. आज त्या नावाने विकली जाणारी विजेवरची गाडी सर्वस्वी वेगळी आहे. या लेखात विचार केला आहे तो टू-स्ट्रोक इंजिनाच्या, १४५ घनसेंटिमीटरच्या, किक मारून सुरू होणाऱ्या चेतकचा.

या गाडीची ओढ केवळ आठवणींनी टिकलेली नाही. व्हेस्पाचा मूळ आराखडा १९४६ साली कोरादिनो द'अस्कानियो या विमान अभियंत्याने केला होता आणि त्याच्या विचाराची छाप चेतकवर पूर्णपणे आहे. वेगळी चेसी नाही, दाबून घडवलेला पत्राच गाडीचा सांगाडा आहे. साखळी नाही, कारण मागचे चाक थेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. विमानाच्या चाकाप्रमाणे चाके एकाच बाजूने धरलेली आहेत, त्यामुळे चार-पाच नट काढले की चाक हातात येते, आणि स्टेपनी पुढे लावा किंवा मागे लावा, फरक पडत नाही. उजवा डोम, म्हणजे बाजूचे फुगीर झाकण, काढला की इंजिन, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणारा भाग) आणि प्लग समोर उघडे असतात. या गाडीतला बहुतेक प्रत्येक दोष डोळ्यांनी पाहता येतो, कानांनी ऐकता येतो किंवा बोटांनी चाचपता येतो. दोष शोधण्यासाठी संगणक जोडावा लागत नाही, आणि म्हणूनच यांत्रिक काम स्वतःच्या हातांनी शिकण्यासाठी आपल्याकडे याहून चांगली गाडी मिळणे कठीण आहे.

मात्र बहुतेक हौशी लोक कामाला सुरुवात रंगापासून करतात, हे मला पटत नाही. चकचकीत रंग दिलेली गाडी नंतर इंजिनासाठी उघडावी लागते, पाने घसरतात, पेट्रोल सांडते आणि नव्या रंगाची रया जाते. खालील क्रम इंधन, करंट (प्लगची ठिणगी) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या तीन गोष्टींना धरून आहे आणि रंगाचा विचार त्यात सर्वांत शेवटी येतो.

कागदपत्रे आणि पत्रा

गाडी घरचीच असो वा विकत घ्यायची असो, आधी नोंदणीपत्र पाहावे आणि त्यावरचे चेसी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर-अक्षर ताडून घ्यावेत. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओमध्ये नमुना २५ भरून, वाहन तपासणीला नेऊन ती दर ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. अशा गाड्या अनेकदा दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात. तेव्हा आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. मालक हयात असून गाडी विकत असेल तर नमुना २९ आणि ३० लागतात. ही कामे वेळ खातात, म्हणून गाडीचे काम आणि कागदांचे काम एकाच वेळी सुरू करणे शहाणपणाचे ठरते. कागद अजिबात नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी ती सुट्या भागांपुरतीच उपयोगाची आहे असे समजावे.

केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी वा चारचाकी त्या नियमांखाली नोंदवता येते व तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवले गेले आणि मुदत १० वर्षांची. सगळ्यांत जुन्या चेतक गाड्या आता या वयाच्या झाल्या आहेत खऱ्या, पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: अशी नोंदणी केलेले वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ज्याला रविवारी सकाळी भाजी आणायला चेतकवरूनच जायचे आहे, त्याने साध्या नोंदणीचे नूतनीकरण करावे.

कागदांनंतर पत्रा. पत्रा हाच सांगाडा असल्यामुळे गंज हा येथे केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. पायाखालची रबरी मॅट उचलून पाहावी, कारण पावसाचे पाणी तिच्याखालीच साठून राहते. ब्रेकच्या पायडलभोवतीचा भाग, स्टँड जिथे बसतो ती जागा आणि मागच्या शॉकअबचे (शॉक अॅब्सॉर्बरचे) टोक जिथे बॉडीला जोडलेले असते तो भाग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावा. टोक आत शिरले तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. पुट्टी भरून झाकलेला गंज ओळखण्यासाठी लहान चुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे आत लोखंड नाही.

किक मारण्याआधी

जुनी गाडी मिळाली की पहिला मोह किक मारून पाहण्याचा होतो. तो टाळावा. सिलिंडर बिडाचा असतो, त्याच्या आतल्या भिंतीवर दमटपणाने गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथे चिकटून बसतात. अशा स्थितीत जोर लावला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. प्लग काढावा, त्याच्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण आत सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी किकचा दांडा हाताने हळूहळू दाबून पाहावा. हलला तर उत्तम. नाही हलला तर पुन्हा मिश्रण सोडून आणखी काही दिवस थांबावे. याउपर जाम राहिलेले इंजिन हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) आणि सिलिंडर उतरवूनच मोकळे करावे लागते. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलत नेण्याचा जो उपाय रस्त्यावर सुचवला जातो, तो बंद पडलेल्या गाडीसाठी ठीक असला तरी जाम झालेल्या इंजिनासाठी घातक आहे.

हत्यारे फार लागत नाहीत. ११, १३ आणि १४ मिलिमीटरच्या पान्यांनी बरेचसे काम होते. ८, १७ आणि २२चे पाने, २१चा प्लगपाना, चपटे आणि फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, लॉक काढायची पक्कड आणि फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या) एवढे जवळ असावे. मॅग्नेटोचे (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचे) फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, काढण्यासाठी खास पुलर मिळतो. तो विकत घ्यावा, कारण हातोडीने ठोकून काढलेल्या फ्लायव्हीलमुळे क्रँकचा (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा) दांडा वाकतो किंवा त्याचे आटे जातात, आणि मग दोनशे-चारशे रुपयांचे हत्यार वाचवल्याची किंमत पूर्ण इंजिन उघडून चुकवावी लागते. उघडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढावा. काढलेला नट शक्यतो त्याच बोल्टवर परत फिरवून ठेवावा आणि लहान भागांसाठी नाव लिहिलेल्या डब्या ठेवाव्यात. अॅल्युमिनियमच्या भागांत आटे मऊ असतात. तिथे नट आधी बोटांनी फिरवावा, सहज फिरतो आहे याची खात्री झाली की मगच पाना लावावा.

पेट्रोलची वाट

सीटखालच्या टाकीतले जुने पेट्रोल वार्निशसारखा उग्र वास देत असेल तर ते पूर्ण काढून टाकावे. हे काम उघड्यावर, विजेचे बटण, देवघरातले निरांजन आणि सिगारेट यांपासून लांब करावे. टाकी उतरवून आत टॉर्च मारावा. हलका गंज असेल तर मूठभर लहान नट किंवा साखळीचा तुकडा आणि पांढरे व्हिनेगर टाकून टाकी अधूनमधून हलवावी, एक-दोन दिवस भिजू द्यावी, नंतर पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून धुवावी आणि लगेच उन्हात वाळवावी. वाळताच आतून पेट्रोल व ऑइलचे मिश्रण फिरवले नाही तर नवा गंज काही तासांतच धरतो. टाकीखालचा कॉक, त्याची जाळी आणि आतले रबर या निमित्ताने बदलून टाकावे.

पेट्रोलच्या नळीचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळच्या रबराला ते फुगवते किंवा ठिसूळ करते, शिवाय ते हवेतले पाणी शोषून घेते, आणि पाणी पुरेसे साठले की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. म्हणून नळी, कॉकमधले रबर आणि कार्बोरेटरची फ्लोट पिन (आत येणारे पेट्रोल अडवणारी सुई) ही तिन्ही इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या मालाची असावीत.

कार्बोरेटर उजव्या डोमखाली, इंजिनावर बसवलेल्या पत्र्याच्या डब्यात असतो. तो उतरवून पेट्रोलने किंवा कार्बोरेटर क्लीनरने धुवावा. मेन जेट, पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे पितळी भाग) आणि त्यांच्या मागच्या बारीक वाटा हवेच्या दाबाने उडवून साफ कराव्यात. जेटमध्ये तार घालण्याची सवय आपल्याकडच्या गॅरेजमध्ये फार जुनी आहे आणि फार वाईटही आहे, कारण जेटचे पितळ मऊ असते आणि एक केसभर मोठे झालेले भोक पेट्रोलचा हिशेब कायमचा बिघडवते. अडलेला कचरा काढायचाच असेल तर मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा वापरावा. फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ तरंगता भाग, हलवून आत पेट्रोल शिरले आहे का ते ऐकावे. फ्लोट पिनेच्या टोकाला कडा पडली असेल तर ती बदलावी, नाहीतर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत राहील. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आवळून दीड फेऱ्यांच्या आसपास मागे फिरवावा आणि गाडी सुरू झाल्यावर अंतिम सेटिंग करावे.

गाडी तिरकी करून किक मारण्याची पद्धत सर्वांनी पाहिली आहे. पेट्रोल येथे गुरुत्वाकर्षणाने खाली येते, पंप नसतो. गाडी कलती केली की फ्लोटच्या डबीतली पातळी बदलते, जास्तीचे पेट्रोल वाटेला लागते आणि थंड इंजिनाला चोक ओढल्यासारखे घट्ट मिश्रण मिळते. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीसाठी हा उपाय मान्य आहे. परंतु रोज सकाळी गाडी तिरकी करावी लागत असेल तर कार्बोरेटरमध्ये कचरा आहे किंवा चोक नीट बसत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

करंट

प्लग नवा आणि आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात दिलेल्या प्रकारचाच घ्यावा. त्याच्या टोकातले अंतर ०.६ मिलिमीटर ठेवावे. करंट तपासताना प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि किक मारावी. हे करताना प्लगच्या भोकापासून तो दूर धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. निळसर, ठसठशीत ठिणगी हवी. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून पडणारी ठिणगी दिसली तर आधी प्लगची टोपी आणि वायर बदलून पाहावी, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा दोषी असते.

जुन्या चेतकमध्ये पॉइंट (ठिणगीच्या क्षणी उघडून वीज तोडणारी टोके) आणि कंडेन्सर (ती टोके जळू न देणारा भाग) असतात, नंतरच्या मॉडेलांत त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. पॉइंटच्या गाडीत फ्लायव्हीलच्या खिडकीतून आत पाहता येते. पॉइंटची तोंडे काळी पडली असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसून, नंतर स्वच्छ कागदाची पट्टी त्यांच्यात ओढून धूळ काढावी. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने अंतर मोजावे आणि ते ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावे. अंतर बदलले की ठिणगी पडण्याची वेळही बदलते, म्हणून आधी अंतर आणि मग टायमिंग हा क्रम उलटा करू नये. पॉइंटच्या तोंडावर पुन्हा पुन्हा खड्डा आणि उंचवटा तयार होत असेल तर कंडेन्सर गेलेला असतो. कंडेन्सरचे वागणे गमतीदार असते. थंड असताना तो चोख काम करतो आणि इंजिन तापले की दगा देतो. घाटात बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी चेतक बहुधा याच भागाची तक्रार सांगत असते.

कॉम्प्रेशन, रिंगा आणि ऑइल सील

प्लग बसवून किक मारताना पायाला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. किक सैल जात असेल तर हेड उघडावे. हेडच्या आतली आणि पिस्टनच्या माथ्यावरची काजळी लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावी, पोलादी पाते वापरू नये. सिलिंडर उपसताना खालच्या केसिंगच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवावे. पिस्टनच्या पिनेचे लॉक उडून आत पडले तर पुढचे दोन दिवस त्याच्या शोधात जातात.

रिंगांची झीज घरी मोजता येते. रिंग पिस्टनवरून काढून सिलिंडरमध्ये घालावी, पिस्टनच्या माथ्यानेच ती सरळ आत ढकलावी आणि तिच्या दोन टोकांमधले अंतर फिलर गेजने पाहावे. नव्या रिंगेसाठी ते ०.२ ते ०.३५ मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्याच्या दुप्पट किंवा जास्त भरले तर रिंगा बदलाव्यात. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील असे उभे ओरखडे असतील किंवा वरच्या टोकाला कडा जाणवत असेल, तर रिंगा बदलून काही साधत नाही. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. ५७ मिलिमीटर हा मूळ व्यास असतो. बोअरिंगचे काम चांगल्या लेथवाल्याकडे द्यावे आणि पिस्टन आधी त्याच्या हाती द्यावा, म्हणजे तो त्या पिस्टनच्याच मापाने बोअर काढेल. पिस्टन बसवताना माथ्यावरचा बाण सायलेन्सरच्या वाटेकडे असावा. नवे पॅकिंग घालावे आणि हेडचे नट तिरक्या जोडीने, थोडे थोडे करत, टॉर्क पान्याने आवळावेत.

आता ऑइल सील. अनेक दिवस उभ्या असलेल्या चेतकमध्ये खरे दुखणे बहुतेक वेळा इथेच असते आणि नेमके इथेच नवशिक्या माणूस चकतो, कारण लक्षणे कार्बोरेटरची वाटतात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पोकळीत ओढले जाते, पिस्टन खाली येताना तिथेच दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे ती पोकळी हवाबंद असल्याशिवाय इंजिन नीट चालूच शकत नाही. क्रँकच्या दोन्ही बाजूंना बसवलेले रबरी सील हे काम करतात आणि वर्षानुवर्षे कोरडे राहिले की ते कडक होऊन तडकतात. फ्लायव्हीलच्या बाजूचे सील गेले तर तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज चढाच राहतो आणि पिस्टन तापून सीझ होण्याचा, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याचा, धोका निर्माण होतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधले ऑइल आत ओढले जाऊन जळते, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला होतो आणि गिअर ऑइलची पातळी कुठेही गळती दिसत नसताना घटत जाते. फ्लायव्हीलच्या बाजूचे सील मॅग्नेटो उतरवून बदलता येते. क्लचच्या बाजूच्या सीलसाठी मात्र इंजिन उतरवून उघडणे भाग असते. इंजिन उघडलेच तर दोन्ही सील, सर्व पॅकिंग आणि क्रँकची बेअरिंग एकदमच बदलावीत. नव्या भागांपेक्षा दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी महाग पडते.

पहिल्यांदा पूर्ण इंजिन उघडणाऱ्याने एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या शेजारी बसून ते करावे असे मी आग्रहाने सांगेन. क्रँक हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ओळखणे, गिअरचा क्रॉस (गिअर बदलणारा फुलीच्या आकाराचा भाग) झिजला आहे की नाही हे त्याच्या कडांवर अंगठा फिरवून सांगणे, ही माहिती पुस्तकात शब्दांनी दिलेली असली तरी हातात उतरायला शेजारी जाणता माणूस लागतो. चाळीस वर्षे हेच काम केलेले मिस्त्री अजून बऱ्याच गावांत आहेत. त्यांना काम देताना ‘मामा, मला बघायचंय, मध्ये मध्ये विचारेन’ एवढे आधी सांगितले आणि घाई केली नाही, तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

सायलेन्सरमध्ये साठलेल्या काजळीने गाडीची ताकद निम्मी होऊ शकते. तो आगीत जाळून साफ करण्याची पद्धत प्रचलित आहे, पण त्यातून निघणारा धूर विषारी असतो आणि पत्राही मऊ पडतो. नवा सायलेन्सर फार महाग नसतो.

वायर, ब्रेक आणि चाके

अॅक्सिलरेटर, क्लच, पुढचा व मागचा ब्रेक आणि गिअरच्या दोन अशा सगळ्या वायर एकदमच बदलाव्यात. जुनी इनर वायर ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधावा, म्हणजे तोच दोरा नव्या वायरीला हँडलपासून इंजिनापर्यंतची वळणावळणाची वाट दाखवतो. गिअरच्या दोन वायरी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलवरची खूण न्यूट्रलशी जुळेल अशा बेताने दोन्हींचा ताण सारखा करावा. क्लचच्या दांड्याला सुमारे दोन मिलिमीटरची मोकळीक ठेवावी. गिअरबॉक्समधले जुने ऑइल काढून एसएई ३० दर्जाचे सुमारे २५० मिलिलिटर नवे ऑइल भरावे.

ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. नवे लायनर बसवले तरी चेतकच्या पुढच्या ब्रेककडून फार अपेक्षा ठेवू नये. ही गाडी आजच्या डिस्क ब्रेकवाल्या गाड्यांमागून अंतर राखूनच चालवायची असते.

टायर ३.५० x १० मापाचे असतात. नक्षी शिल्लक असली तरी टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा पाहावा. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. जुना, कडक झालेला टायर पावसात धरत नाही. आता एक सूचना, जी मी ठळक अक्षरांत लिहिली असती: चेतकची रिम दोन अर्ध्या भागांची, नटांनी जोडलेली असते. ट्यूबमधली हवा व्हॉल्व्ह काढून पूर्ण सोडल्याशिवाय त्या नटांना हात लावायचा नाही. हवा भरलेली असताना नट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर उडू शकतो. चाक गाडीवरून काढण्याचे नट वेगळे आणि रिम जोडणारे नट वेगळे, हे काम सुरू करण्याआधी समजून घ्यावे. हवा पुढे १८ आणि मागे एकट्यासाठी २५ पीएसआयच्या आसपास ठेवावी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी भरावी.

पहिली किक आणि पहिले काही किलोमीटर

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. चेतकसाठी लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे २ टक्के, टू-टी ऑइल हे नेहमीचे प्रमाण आहे. नवा पिस्टन घातला असेल तर पहिल्या एक-दोन टाक्यांना लिटरला ३० मिलिलिटर टाकणे सुरक्षित असते. मिश्रण बाटलीत आधी हलवून मग टाकीत ओतावे.

कॉक उघडून पेट्रोल खाली उतरेपर्यंत थांबावे, चोक ओढावा, अॅक्सिलरेटर न पिळता किक मारावी. पाच-सात किकांत सुरू न झाल्यास प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, ओला असेल तर करंट येत नाही किंवा पेट्रोल जास्त होते आहे. एवढ्या एका निरीक्षणावरून पुढे कुठे शोधायचे ते ठरते. गाडी सुरू झाल्यावर आत सोडलेले ऑइल जळून संपेपर्यंत भरपूर धूर येतो, तो अपेक्षित आहे. इंजिनाचा आवाज आपोआप चढत जाऊन किल्लीनेही बंद होत नसेल तर घाबरून न जाता चोक पूर्ण ओढावा आणि कॉक बंद करावा.

पहिले काही शे किलोमीटर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या आत, पूर्ण अॅक्सिलरेटर न पिळता आणि एकाच वेगाने फार वेळ न चालवता न्यावी. मग प्लग काढून त्याचा रंग पाहावा. बदामी रंग योग्य मिश्रणाची खूण आहे. काळा आणि काजळी धरलेला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त आहे. पांढरट दिसला तर हवा जास्त शिरते आहे, आणि तसाच दिसत राहिला तर पुन्हा फ्लायव्हीलच्या बाजूच्या सीलकडे वळावे लागेल. हेडचे नट एकदा थंड इंजिनावर पुन्हा तपासावेत.

सुटे भाग आणि रंग

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत चोर बाजार ही ठिकाणे अजूनही उपयोगाची आहेत. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मूळ डोम, हँडलची टोपी किंवा जुना स्पीडोमीटर अचानक हाती लागतो. नवे म्हणून मिळणारे अनेक भाग मूळ कंपनीच्या दर्जाचे नसतात. पिस्टन, सील आणि पॉइंट यांबाबत स्वस्ताईचा मोह धरू नये. आरसे, मॅट, सीटचे कव्हर यांत काटकसर केली तरी चालते. जुना मूळ भाग दुरुस्त होत असेल तर तो फेकू नये, कारण त्याचा पत्रा बहुधा नव्यापेक्षा जाड असतो.

इंजिन काही आठवडे बिनतक्रार चालले, की मगच रंगाचा विषय काढावा. मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल तर माझे मत तो राखावा असे आहे. धुऊन, पॉलिश करून, गंजलेल्या जागीच प्रायमर लावून निघालेली चेतक कोऱ्या रंगाच्या गाडीपेक्षा अधिक खरी दिसते, आणि पुढे व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर मूळ स्वरूप टिकवणे फायद्याचे ठरते. पूर्ण रंग द्यायचाच असेल तर पत्रा उघडा करून, वेल्डिंग आधी उरकून, पुट्टी जितकी पातळ भरता येईल तितकी पातळ भरावी. रंग बदलल्यास त्याची नोंद आरटीओत करावी लागते.

गाडी आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर फिरवावी, म्हणजे सील ओले राहतात आणि पॉइंटवर गंज धरत नाही. प्रत्येक फेरीनंतर घराच्या अलीकडे दोनशे-तीनशे मीटरवर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले बरेचसे पेट्रोल संपवत दारात यावे. पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवावी, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडून किक दोन-तीनदा हाताने फिरवावी, आणि ताडपत्री अंगाला चिकटवून न बांधता तिच्याखाली हवा खेळती राहील अशी टाकावी.